आयर्लंडची उरलेली गोष्ट

बाबा, तुम्ही मला सांगितलेली आयर्लंडची गोष्ट अर्धीच होती.

शाळेत नववीच्या वर्गाला तुम्ही ती सांगायचात आणि घरी जेवताना मला. एवढंसं बेट, बटाट्यावर जगणारी माणसं, आणि त्यांनी जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याला कसं टेकीला आणलं, हे सांगताना तुमच्या हातातला घास हातातच वाळायचा. वर्गात तर तुम्ही फळ्यावर बेटाचा नकाशा काढायचात, एका हातानं, न बघता. शेवटी खडू खाली ठेवून हात झटकायचात आणि म्हणायचात, ‘‘आणि आयर्लंड स्वतंत्र झालं.’’ घंटा झाली नसली तरी तास तिथेच संपायचा. मी याच देशात येऊन राहीन, असं तेव्हा तुमच्या स्वप्नातही नसेल. दोन हजार चौदा साली मी इथे आले, डब्लिनच्या पश्चिमेला लिक्सलिपच्या, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात. येताना या देशाबद्दल माझ्याजवळ होती ती तुमची तेवढी गोष्ट. स्वतंत्र झालं, आणि हात झटकले.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्ही अमेरिकेच्या यादवी युद्धावर तीन-तीन तास घ्यायचात. उत्तर आणि दक्षिण वेगवेगळ्या रंगांच्या खडूनं रंगवायचात, कोणता नेता कुठे चुकला ते सांगायचात. मग इथली यादवी तुम्ही कशी वगळलीत? साम्राज्याशी लढलेली माणसं तह झाल्याबरोबर एकमेकांवर उलटली, बाबा. एक तरुण नेता लंडनला जाऊन तह करून आला. उत्तरेचे सहा परगणे गेले, राजाशी निष्ठेची शपथ गळ्यात आली, पण बाकीचं राज्य हाती लागलं. आज एवढं घेऊ, उरलेलं उद्या, असं त्याचं म्हणणं. दुसरा उंच नेता, जो लंडनला गेलाच नव्हता, तो म्हणाला, ही शपथ घेणार नाही. बायकापोरं, भाऊभाऊ, एकाच बराकीत झोपलेले सोबती, सगळे दोन बाजूंना झाले. डब्लिन आणि पूर्वेकडचा भाग नव्या सरकारकडे, दक्षिण आणि पश्चिम बहुतेक दुसऱ्यांकडे. तिथे जायचे रस्ते, पूल, रेल्वे तोडलेली, म्हणून सरकारनं डब्लिनहून जहाजांत घालून सैनिक दक्षिणेत उतरवले. आपल्याच देशात, समुद्रातून. तो तरुण नेता त्याच्या स्वतःच्या परगण्यात, त्याच्याच माणसांच्या गोळीनं गेला. आणि उंच नेत्यानं, ज्याच्या शब्दावर इतकी पोरं मेली, त्यानं पुढे चार-पाच वर्षांत तीच शपथ पत्करली. ती निव्वळ कोरडी औपचारिकता आहे असं म्हणाला, आत जाऊन बसला, आणि पुढे कितीतरी वर्षं देश चालवला. हे वाचलं तेव्हा मला तुमचा राग आला. त्या नेत्याचा नाही, तुमचा. तुम्ही या गोष्टीची वाईट बाजू तेवढी खिशात ठेवलीत.

मला हे सगळं कळलं ते दोन हजार सोळाच्या निवडणुकीनंतर. त्या वर्षी इथे इंग्रजांविरुद्धच्या उठावाला शंभर वर्षं झाली म्हणून जिकडेतिकडे झेंडे, शाळाशाळांत नाटकं. तोही तुमच्यासारखाच उत्सव, स्वातंत्र्यापाशी थांबणारा. आणि त्याच दिवसांत निवडणूक होऊन आठवड्यांमागून आठवडे गेले तरी सरकार बनेना. दोन मोठे पक्ष, दोघांच्या मिळून जागा भरपूर, दोघांची धोरणं इतकी सारखी की मला तर जाहीरनाम्यांची अदलाबदल केली असती तरी कळलं नसतं. मग एकत्र का येत नाहीत? आमच्या कारखान्यात आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालावे लागतात, नुसते डोळे दिसतात. ते कपडे चढवता चढवता मी माझ्या शिफ्टमधल्या कॉर्कच्या तंत्रज्ञाला विचारलं, या दोन पक्षांत फरक काय? तो हसला आणि म्हणाला, ‘‘फरक काही नाही. शंभर वर्षांपूर्वी कोणाचा आजा रस्त्याच्या कुठल्या बाजूच्या झुडपात बसला होता, एवढाच.’’ बाकीचे डोळेही हसले. यादवीच्या दोन बाजूंचेच हे दोन पक्ष झालेले. मला हसू आलं नाही. आपल्याकडे असं कोणी बोललं असतं तर तुम्ही ताटावरून उठला असतात, आणि उठलाही होतात.

ते पुढे सांगते. आधी शेजारीणबाईंबद्दल सांगायला हवं.

आमच्या घराला लागून ज्या राहायच्या त्या ऐंशी ओलांडलेल्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलं कॅनडात. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मनुका घातलेला पाव आणून दिला आणि आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं उघडून, ‘‘हे प्रेस अगदी ग्रँड आहे, ते मात्र ओल धरतं,’’ असं सगळं समजावून दिलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्या मूळच्या केरी परगण्यातल्या, म्हणजे पार नैर्ऋत्येच्या टोकाच्या. साठ वर्षं डब्लिनकडे काढूनही त्यांच्या बोलण्यातला केरीचा हेल गेला नव्हता. नागपूर सोडून कितीही दिवस झाले तरी आई ‘करून राहिली’ म्हणते, तसंच. सरकार बनत नव्हतं त्या दिवसांत मी त्यांच्याकडे चहाला गेले की रेडिओवर तीच चर्चा चाललेली असायची. त्या रेडिओ बंद करत नसत, पण त्याच्याकडे पाठ करून बसत. एकदा मी त्यांनाही विचारलं, तंत्रज्ञाला विचारलं तेच. त्या म्हणाल्या, ‘‘मला एकदा केरीला जायचंय. माझा भाऊ आजारी आहे. तू गाडी चालवशील का?’’

ते माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं, हे मला पोचल्यावर कळलं.

एप्रिल होता. लिमरिकच्या पुढे मोठा रस्ता संपतो आणि मग झुडपांच्या भिंतींमधून वळणं सुरू होतात. पिवळी फुलं लागली होती त्या झुडपांना. तोवर त्या नातवंडांबद्दल, गुडघ्याबद्दल बोलत होत्या. केरी लागल्यावर बोलणं कमी झालं. एका वळणावर दगडी क्रूस होता, रस्त्याच्या कडेला, आपल्याकडे मैलाचा दगड असावा तसा. त्यांनी गाडी हळू करायला सांगितली, पण थांबू दिली नाही. त्या क्रूसावर त्यांच्या धाकट्या काकाचं नाव होतं. मिसरूडही फुटलं नव्हतं म्हणे. दुसऱ्या बाजूच्या सैनिकांनी धरला, हात वर केलेले असताना, आणि त्या वळणावर मारला. मारणारे परके नव्हते. डब्लिनहून जहाजानं आलेले, त्याच देशाचे, तीच प्रार्थना म्हणणारे. शेजारीणबाईंचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला, पण घरात तो काका रोज जेवायला बसलेला असायचा, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी उरलेलं सांगितलं, पुढे रस्त्याकडे बघत. त्या नर्सिंग शिकायला डब्लिनला गेल्या आणि तिथे एका मुलाच्या प्रेमात पडल्या. लग्न ठरल्यावर कळलं की त्याचे वडील त्या जहाजांपैकी एकावर होते. गोदीतला गरीब पोरगा, काम नव्हतं म्हणून सैन्यात भरती झालेला. त्या वळणावर तो होता की नव्हता, कोणालाच ठाऊक नाही. शेजारीणबाईंनी सासऱ्यांना एकदाच विचारलं होतं की तिकडे काय झालं. सासरे म्हणाले, जाताना सगळा वेळ मला बोट लागत होती. एवढंच. त्यानंतर मेले तोवर त्या विषयावर शब्द नाही. इकडे केरीत त्यांच्या भावाला कळलं, आणि त्यानं बहिणीच्या लग्नाला यायचं तर सोडाच, तिचं नाव घ्यायचंही सोडलं. आईच्या मातीला दोघं एकाच चर्चमध्ये होती. तो पुढच्या बाकावर आणि या मागच्या.

भावाचं घर एका उतारावर होतं. दारात कुत्रा. भाऊ काठी टेकत बाहेर आला, उंच, वाळलेला, कोटाची वरपर्यंत सगळी बटणं लावलेली. आमच्यासाठीच कोट घातला असणार. माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुझं मनापासून स्वागत आहे. मग वळला आणि आत गेला. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही, पण दार उघडं ठेवलं. स्वयंपाकघरात भिंतीवर येशूची तसबीर, आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर, त्या उंच नेत्याची. त्यानं स्वतः चहा केला. मी हॅम खात नाही असं आधीच कोणीतरी कळवलं होतं. माझ्यासाठी वेगळी उकडलेली अंडी होती. तो माझ्याशी बोलत राहिला. आपल्याकडे गाई किती दूध देतात, पाऊस कधी पडतो, हातानं काढणी करतात का. मी उत्तरं देत राहिले आणि शेजारीणबाई कुत्र्याशी बोलत राहिल्या, त्याच्या कानामागे खाजवत. दोन म्हातारी माणसं एका टेबलाशी, एकाच किटलीतला चहा पिणारी, आणि मध्ये मी, नागपूरहून आलेली. मला त्या दोघांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

चहा झाल्यावर भाऊ मला म्हणाला, ‘‘तिला सांग, आईच्या शेजारी तिची जागा राखून ठेवलीय. तिची एकटीची.’’

शेजारीणबाईंचा नवरा डब्लिनच्या दफनभूमीत होता. त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘त्याला सांग,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझी जागा ठरलेली आहे. आणि हेही सांग की मी जन्मभर मत दिलं ते त्याच्याच पक्षाला. एकदाही चुकले नाही.’’

मी काही सांगायच्या आतच त्यानं बहिणीकडे पाहिलं. किती वर्षांनी, ते मला माहीत नाही.

‘‘डब्लिनमध्ये राहून?’’

‘‘डब्लिनमध्ये राहून.’’

‘‘आणि तो?’’

‘‘तो त्याच्या पक्षाला. आम्ही दोघं मिळून जायचो, हातात हात घालून, आणि एकमेकांचं मत पुसून घरी यायचो.’’

त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, बाबा, मी पाहिलं. तो हसेल असं मला वाटलं, आणि हसला असता तर आमचं सगळं येणं सार्थकी लागलं असतं. पण मग त्याचा चेहरा पुन्हा मिटला. ‘‘म्हणजे तू मत वायाच घालवलंस,’’ तो म्हणाला, आणि काठी घेऊन शेगडीत इंधन टाकायला उठला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

निघताना त्यानं बटाट्यांचं एक पोतं ओढत ओढत आणून माझ्या गाडीत टाकलं. माझ्याच गाडीत, मलाच. एवढे बटाटे आम्ही दोघं नवराबायको वर्षभर खाल्ले असते तरी संपले नसते. परतीच्या वाटेवर बराच वेळ गेल्यावर शेजारीणबाई म्हणाल्या, ‘‘त्यातले अर्धे माझे आहेत.’’ मी म्हटलं, तसं तो बोलला नाही. त्या म्हणाल्या, ‘‘बोलणार नाहीच.’’ यात त्यांना समाधान होतं. मला नव्हतं. मी चिडून गाडी चालवत होते, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या वाटेत मी त्यांच्यावर नाही, तुमच्यावर चिडत होते.

कारण ते टेबल मी आधी पाहिलेलं होतं. आत्याची पहिली दिवाळी मी पाहिलेली नाही, आईनं सांगितलेली आहे. तुम्हीच शोधून दिलेलं सांगलीकडचं स्थळ, शिकलेला मुलगा, पक्षाचं काम करणारा. पहिल्या दिवाळीला जावईबापू आले, आणि जेवताना कशावरून तरी म्हणाले की विदर्भाला दिलंय तेवढं पुष्कळ झालं, आता रडणं पुरे. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. इतवारीतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत उठून जाणार तरी कुठे, तर गॅलरीत जाऊन उभे राहिलात. आत्या मागोमाग आली, तर तिला म्हणालात, ‘‘तू आता तिकडची.’’ नवी नवरी, बाबा. नवऱ्याच्या एका वाक्यासाठी तुम्ही तिला नकाशाच्या पलीकडे टाकलंत. माझ्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही मला जाड पुठ्ठ्याचा अ‍ॅटलास दिलात, तेव्हा त्यातल्या महाराष्ट्राच्या पानावर विदर्भाची सीमा निळ्या शाईनं स्वतः आखून दिली होती. इतकी सुबक की मला कितीतरी दिवस ती छापलेलीच वाटायची. त्या रेषेच्या पलीकडे आपली आत्या राहते हे तुम्ही कुठे लिहिलं नव्हतं.

आणि ते फराळाचं पार्सल. मी तिसरीत असेन. आत्यानं पाठवलेला डबा, कापडात शिवलेला, पोस्टमननं माझ्या हातात दिला. शिवण एका कोपऱ्यात उसवली होती. मी तिथून बोट घालून एक करंजी काढली आणि जिन्यातच खाल्ली. तुम्ही शाळेतून आलात, डबा पाहिलात, पत्ता पाहिलात, माझ्या तोंडाला लागलेली साखर पाहिलीत. मारलं नाहीत. ओरडलाही नाहीत. फक्त म्हणालात, ‘‘तोंड धुऊन ये.’’ मी धुऊन आले, तोवर आईनं शिवण घातली होती आणि डबा परत निघाला होता. आज मी चाळिशीला आले, तरी करंजी खाल्ली की मी नकळत ओठांवरून हात फिरवते.

हे तुम्ही कोणासाठी केलंत? तुमच्या नेत्यासाठी. आपल्या भागाचे ते, ज्यांच्या सभांना तुम्ही सायकलनं जायचात, जे आपल्याकडे येऊन आईच्या हातचा झुणका मागून मागून खायचे, आणि वेगळं राज्य झाल्याशिवाय गळ्यात हार घालून घेणार नाही असं म्हणायचे. ते मुंबईला जाऊन मंत्री झाले. गळ्यात हार मावेनात. आणि एका सकाळी पेपरात फोटो आला, पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा साखर कारखान्याचा समारंभ, आणि तुमच्या नेत्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत उभे आहेत ते आपले आत्याचे यजमान. तुम्ही तो पेपर बराच वेळ धरून बसलात. मी समोर अभ्यास करत होते. मला वाटलं, आता उठतील, आता म्हणतील, चला, सांगलीला जाऊ. तुम्ही पेपरची घडी घातली आणि शाळेत गेलात. आई तुमच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत म्हणाली, ‘‘नेते एका ताटात जेवून राहिले, अन् हे बहिणीच्या घरचं पाणी पीत नाही.’’ तुम्ही ऐकलंत. जिन्यात तुमचं पाऊल क्षणभर अडलं होतं. मग पुढे गेलात.

ह्याच गोष्टीचा मला इतका वैताग येतो. नेत्यांचं भांडण नेत्यांपाशी कधीच टिकत नाही. ते पुढे जातात, हात मिळवतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात अक्षता टाकतात. इथेही पहिल्या पिढीनंतर ते संसदेत समोरासमोर बसून एकमेकांचे विनोद ऐकत होते. भांडण खाली सांडतं, केरीतल्या एका स्वयंपाकघरात, इतवारीतल्या दोन खोल्यांत, आणि तिथे मात्र ते मुरतं. तुम्ही इतिहासाचे शिक्षक होतात. नेता चुकला की नकाशा फाटतो, हे तुमचं वाक्य मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण नेत्यानं शिवून टाकल्यावरही आपण तो फाटलेलाच का धरून बसतो, याबद्दल तुम्ही एक अक्षर शिकवलं नाहीत.

त्या मे महिन्यात इथे एकदाचं सरकार झालं. एक पक्ष सत्तेत, दुसरा बाहेरून त्याला धरून. शेजारीणबाई म्हणाल्या, ‘‘एका घरात राहणार, पण लग्न करणार नाहीत.’’ पुढच्या वर्षी त्यांचा भाऊ गेला. मीच त्यांना घेऊन गेले. गावातली माणसं रांगेनं येऊन त्यांचा हात हातात घेत होती, आणि त्या सगळ्यांना थँक्यू म्हणत होत्या, पुढच्या बाकावर बसून. त्या बाकावर आता दुसरं कोणीच नव्हतं. येताना त्या इतकंच म्हणाल्या की त्यानं एकदा डब्लिनला येऊन जायला हवं होतं, त्याला ट्राम आवडली असती. यंदा फेब्रुवारीत त्याही गेल्या. नवऱ्याशेजारी.

भावाच्या मातीहून आल्यावर मात्र माझ्यानं राहवलं नाही. त्या डिसेंबरात भारतात आले तेव्हा मी आईला न सांगता पुण्याला गेले, आत्याकडे. यजमान गेल्यापासून ती मुलाकडे कोथरूडला असते. तुमच्या मरणाला आली होती ती, तुम्हाला माहीत नसणार. तुम्हाला उचलल्यानंतर पोचली आणि पायरीवरूनच परत फिरली. त्यानंतर मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. तुमचंच नाक, तुमचीच बोटं. आता अगदी तिकडचंच बोलते, ‘काय गं, ये ना, बस’. तिनं सांबारवडी केली होती. म्हणाली, इकडे याला कोथिंबिरीची वडी म्हणतात, मी मात्र सांबारच म्हणते, सासूबाई हसायच्या. मला वाटलं, आता जमलं. मी तिचा हात धरून म्हटलं, आत्या, बाबांचं चुकलं, ते असते तर आज त्यांनाही पटलं असतं, आता मनातून काढून टाक. तिनं हात सोडवून घेतला. आणि तिचं सगळं कोथरूड एका क्षणात गळून पडलं.

‘‘त्यानं माही माफी मागाले पायजे होती,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, आत्या, ते गेले. वीस वर्षं होत आली.

‘‘गेला म्हणून काय झालं?’’

आणि पुन्हा पुणेरी होऊन तिनं मला आणखी एक वडी वाढली. मी ती खाल्ली. काय करणार? केरीतल्या त्या म्हाताऱ्यासारखाच तिचा चेहरा मिटला होता, आणि तो तुमचाही चेहरा होता. माझं सगळं शहाणपण, माझं चार तासांचं ड्रायव्हिंग, वाचलेली पुस्तकं, सगळं त्या ताटाच्या बाहेर.

हे सगळं मी आज का लिहितेय, तेही सांगून टाकते. गेल्या महिन्यात इथे गणपती झाले. डब्लिनच्या दक्षिणेला एक हॉल घेतात, मराठी घरं जमतात; पुण्यामुंबईची पुष्कळ, आम्ही नागपूरकडचे थोडे. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे एकजण होती, सँडीफोर्डला राहते, चांगली ओळखीची, आम्ही एकमेकींच्या घरी जातो. कशावरून तरी विषय निघाला आणि ती हसत हसत म्हणाली, ‘‘तुम्हा विदर्भवाल्यांना काम नको, नुसतं पॅकेज हवं.’’ गंमतच होती. तिला त्यापलीकडे काही म्हणायचंही नसेल. केरीचं टेबल पाहून आलेली, आत्याला समजावून आलेली मी, मला हसून पुढे सरकता आलं असतं. पण मी हातातली थाळी खाली ठेवली. आणि बाबा, मी नागपूर करारापासून सुरुवात केली. सिंचनाचा अनुशेष, पळवलेला निधी, तुमचीच वाक्यं, तुम्ही घ्यायचात त्याच ठिकाणी श्वास घेऊन. रांग थांबली. माझा नवरा माझ्याकडे बघतच राहिला, तो बिचारा ठाण्याचा. मग मी न जेवता निघून आले.

तिचा दुसऱ्या दिवशी फोन आला. नंतरही दोनदा आला, सॉरी म्हणायलाच असणार. मी उचलला नाही. अजून उचललेला नाही. आणि वाईट वाटायला हवं तिथे मला बरं वाटलं, पाठ ताठ झाल्यासारखं. फोन वाजून वाजून थांबतो, तेव्हाही बरं वाटतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती, तरी मी पाठवलं नसतं. एवढं सगळं सुनावलं, ते तुम्ही मुकाट्यानं वाचलं असतंत. पण ही शेवटची गोष्ट वाचून तुम्हाला आनंद झाला असता, आणि तो मला तुम्हाला द्यायचा नाही.